विश्लेषण: जुनी शाळा रंगमंच झाल्यावर टिकते कशामुळे?

वर्ग भरणे बंद झाले की जुन्या शाळेच्या इमारतीचे काय करायचे, हा प्रश्न महाराष्ट्रातील अनेक गावांपुढे उभा आहे. गोदाम, मंगल कार्यालय, निवडणुकीचे साहित्य ठेवण्याची खोली किंवा सरळ पाडकाम, ही त्याची नेहमीची उत्तरे. 'तिथे कला केंद्र करा' हे त्यातल्या त्यात सर्वांना आवडणारे उत्तर. भाषणात ते शोभून दिसते, फलकावर छान वाटते. पण उद्घाटनानंतर दोन वर्षांनी त्या इमारतीत नेमके काय चालते, याची चौकशी क्वचितच होते. बडोद्याच्या गायनशाळेचा जवळपास १४० वर्षांचा प्रवास आणि त्यातून उभे राहिलेले विद्यापीठाचे कलाशिक्षण पाहिले, तर या प्रश्नाचे एक ठाम उत्तर मिळते. शाळा रंगमंच होऊन टिकते, पण तिच्यातली शाळा चालू राहिली तरच.

हा प्रश्न आताच का?

शिक्षण विभागाने २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटसंख्येच्या १४ हजारांहून अधिक शाळा असल्याचे समोर आले होते. त्यातील किती बंद होतील आणि किती टिकतील, हा वादाचा स्वतंत्र विषय. पण इमारती रिकाम्या होण्याची ही एकच वाट नाही. पुणे जिल्ह्यातील मावळासारख्या भागात चित्र वेगळे आहे. द्रुतगती मार्ग, औद्योगिक वसाहती आणि गृहप्रकल्प यांमुळे शिरगाव, सोमाटणे, तळेगाव दाभाडे या पट्ट्यात वस्ती वाढते आहे, विद्यार्थीही वाढत आहेत. अशा ठिकाणी शाळा बंद पडत नाही, ती नव्या मोठ्या इमारतीत जाते आणि जुनी वास्तू मागे उरते. जमिनीचा भाव वाढलेला असतो. त्यामुळे तिथे रिकाम्या वास्तूचे भवितव्य लवकर ठरते आणि बहुधा ते वास्तूच्या बाजूचे नसते.

याच मावळाला शाळा आणि इमारत यांतला फरक फार पूर्वी कळला होता. विष्णू गोविंद विजापूरकर यांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षणासाठी सुरू झालेले समर्थ विद्यालय कोल्हापूर, मिरज असा प्रवास करत तळेगाव दाभाड्यात आले. ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये ते बंद पाडले. पुढे 'नवीन समर्थ विद्यालय' या नावाने ते पुन्हा उभे राहिले. टाळे इमारतीला लागले होते, शिकवण्याच्या इच्छेला नव्हे. जुन्या शाळेत कला केंद्र काढताना हीच गोष्ट उलट्या बाजूने विसरली जाते. इमारत उघडली जाते, शिकवणे मात्र सुरू होत नाही.

बडोद्यात नेमके काय घडले?

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ हा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड (तिसरे) झाला. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आल्यानंतर पाचच वर्षांत, १८८६ मध्ये, त्यांनी बडोद्यात गायनशाळा सुरू केली. तिची सूत्रे मौलाबक्ष या विख्यात गायक-वादकाकडे दिली. अमरेली तालुक्यात १८९३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करणारा आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू करणारा हाच राजा होता. गायनशाळा ही त्यामुळे राजाची हौस नव्हती. वाचन-लेखनाप्रमाणे गाणेही शिकवता येते आणि ते दरबाराबाहेरच्या मुलांनाही मिळाले पाहिजे, या धोरणाचा तो भाग होता.

मौलाबक्ष यांनी शिकवण्यासाठी स्वतःची स्वरलेखन पद्धत तयार केली आणि क्रमिक पुस्तके लिहिली. वर्गात एकाच वेळी अनेक मुले बसणार, त्यांना ठरलेल्या वेळात ठरलेला धडा द्यायचा, वर्षअखेरीस परीक्षा घ्यायची, तर गुरूच्या तोंडून ऐकून वर्षानुवर्षे घोकण्याची जुनी रीत पुरेशी नव्हती. या पद्धतीवर टीकाही झाली. कागदावरच्या स्वरांतून गायकी येत नाही, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. पण त्या शाळेतून गाणे समजणारा श्रोता तयार झाला, हे नाकारता येत नाही. मौलाबक्ष यांचे नातू इनायत खान यांचा जन्म बडोद्याचा. संगीताचे संस्कार याच वातावरणात झालेले हे गायक १९१० मध्ये अमेरिकेला गेले आणि सुफी विचार पाश्चात्त्य देशांत पोहोचवणारे म्हणून जगभर ओळखले गेले.

दरबारातून शाळेत येण्याने काय बदलले?

तोवर बडोद्याचे कलावंत सरकारी खात्याचा भाग होते. त्यांची नेमणूक, हजेरी, बिदागी, रजा यांचे नियम होते. कला राजाच्या मर्जीवर आणि सणासुदीच्या प्रसंगांवर चालत होती. सयाजीरावांचा १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी विवाह झाला, तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादकही बडोद्याला आले. त्यांपैकी कांतिमती यांचे पुत्र कुबेरनाथ तंजावरकर पुढे बडोद्यात भरतनाट्यमचे शिक्षक झाले. आई दरबारात नाचत होती, मुलगा वर्गात शिकवू लागला. एका पिढीत घडलेला हा बदल साधा नाही. आहेर म्हणून आलेली कला अभ्यासक्रमाचा विषय झाली.

दरबारी मर्जीचा आणखी एक धोका होता. राजा बदलला, खर्च आखडला किंवा नियम जाचक वाटले की कलावंत निघून जात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोदा सोडून गेले. शाळेचे तसे नसते. शिक्षक बदलला तरी वर्ग भरतो, पुढच्या वर्षीची मुले येतात, हजेरीपट चालू राहतो.

मार्च १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे विष्णु नारायण भातखंडे यांचे प्रयत्न होते. पुढच्या दहा वर्षांत ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय (१९१८) आणि लखनऊचे मॅरिस कॉलेज (१९२६) उभे राहिले. म्हणजे बडोद्यात पेरलेले बी संस्थानाच्या हद्दीबाहेर उगवले. त्याचे उत्तम उदाहरण श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी फैयाज खाँ यांच्याकडे तालीम घेतली आणि पुढे अनेक वर्षे लखनऊच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले.

विद्यापीठाने त्यात काय जोडले?

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना एप्रिल १९४९ मध्ये झाली. हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. संस्थान विलीन झाले होते. अशा वेळी गायनशाळेची परंपरा बंद पडणे किंवा सरकारी संगीतवर्ग म्हणून रेंगाळणे सहज शक्य होते. तसे झाले नाही. ती विद्यापीठात आली आणि संगीत, नृत्य व नाट्य यांचे महाविद्यालय झाले. आजची परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखा ती हीच. सुरसागर तलावासमोरच्या तिच्या वास्तूला बडोदेकर आजही 'म्युझिक कॉलेज'च म्हणतात.

विद्यापीठामुळे तीन गोष्टी जुळून आल्या. पहिली, पदवी. गाणे, तबला, भरतनाट्यम किंवा नाट्य हा विषय घेऊन पदवीधर होता येते, म्हणजे घरच्यांना सांगता येईल असा मार्ग तयार झाला. दुसरी, शेजार. गाणाऱ्याला नाट्य विभागातला दिग्दर्शक आणि नृत्य शिकणारीला पखवाज वाजवणारा एकाच आवारात मिळू लागला. तिसरी, वर्षभराची लगबग. सादरीकरण हा तिथे वर्षातून एकदा होणारा सोहळा राहिला नाही, तो अभ्यासाचा भाग झाला. सकाळी वर्ग, दुपारी तालीम, संध्याकाळी प्रयोग किंवा बैठक. इमारतीचा प्रत्येक कोपरा कोणी ना कोणी रोज वापरतो. गळणारे छत तिथे लगेच लक्षात येते, कारण त्याखाली कोणीतरी रोज रियाज करत असते.

लखनऊचा परीखाना काय सांगतो?

नवाब वाजिद अली शाह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कैसरबागेच्या परिसरात परीखाना उभारला होता. निवडक स्त्रियांना उस्तादांकडून गाणे आणि नृत्य शिकवण्याची ती जागा. म्हणजे वास्तू राजवाड्याची असली तरी काम शाळेचे. इंग्रजांनी १८५६ मध्ये नवाबाला पदच्युत केले आणि ती दुनिया विरली. भातखंड्यांनी सुरू केलेले मॅरिस कॉलेज पुढे याच परीखान्यात स्थिरावले. आता ते भातखंडे यांच्या नावाचे राज्य विद्यापीठ आहे. ज्या दालनात एकेकाळी केवळ नवाबासाठी नाच शिकवला जाई, तिथे आज सामान्य घरातली मुले-मुली परीक्षा देतात. नवाबाच्या इतर कितीतरी वास्तू पर्यटकांची वाट पाहत उभ्या आहेत. या वास्तूला मात्र रोजचे काम आहे.

केवळ महोत्सवाचे ठिकाण केले तर?

पणजीचे उदाहरण इथे उपयोगी ठरते. गोव्यात १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी वैद्यकीय शाळा सुरू केली. तिच्यातूनच पुढे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. महाविद्यालय बांबोळीला गेल्यावर मांडवीकाठची जुनी इमारत मागे राहिली. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरू लागला आणि ही वास्तू त्याच्या केंद्रस्थानी आली. पुढे सेरेंडिपिटी कला महोत्सवानेही ती वापरली. वास्तू वाचली, हे या निर्णयाचे मोठे यश. पण महोत्सवाची गजबज ओसरल्यावर अशा जागेचा गावाशी संबंध कितीसा राहतो? प्रेक्षक येतो, पाहतो, जातो. तिथे शिकून मोठे झालो, असे म्हणणारी पिढी महोत्सवातून तयार होत नाही.

वापर कमी असला की देखभालही सैल पडते आणि जुन्या वास्तूत तारा, लाकूड, पडदे यांचा धोका मोठा असतो. कोल्हापूरचे १९१५ चे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. ती वास्तू रिकामी नव्हती, कलावंतांच्या नित्य राबत्यातली होती, तरी हे घडले. मग अधूनमधून उघडणाऱ्या इमारतींची स्थिती काय असेल, याचा विचार प्रत्येक नगरपालिकेने करायला हवा.

शाळेची इमारत प्रयोगासाठी सोयीची असते का?

खरे सांगायचे तर मोठ्या नाटकासाठी नसते. वर्गखोलीला रंगमंचाची खोली नसते, विंगा नसतात, प्रकाशयोजनेचे दिवे टांगायला पुरेशी उंची नसते. शहाबादी फरशी आणि चुन्या-सिमेंटच्या उघड्या भिंती यांमुळे आवाज घुमतो, संवादातला शब्द दुसऱ्या शब्दावर चढतो. कथक किंवा भरतनाट्यम शिकणाऱ्याने रोज तासन्‌तास फरशीवर पाय आपटले तर गुडघे-घोटे कामातून जातात. त्यासाठी खाली थोडी लवचीक अशी लाकडी जमीन लागते. जुन्या शाळेच्या वायरिंगवर दिव्यांचा भार पडला की काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. आणीबाणीत बाहेर पडायचे दार, रंगपट, स्वच्छतागृह, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, हे सगळे नव्याने करावे लागते.

पण हीच इमारत रियाजासाठी मुद्दाम बांधल्यासारखी असते. ओळीने खोल्या, मध्ये जाड भिंती, प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार. एका खोलीत तबला, दुसरीत गायन, तिसरीत संहितावाचन एकाच वेळी चालू शकते. पंचवीस-तीस श्रोत्यांची बैठक वर्गात ध्वनिवर्धकाशिवाय रंगते. आणि मध्ये चौक किंवा पटांगण असेल तर भारूड, कीर्तन, लोकनाट्य यांना याहून चांगली जागा नाही, कारण ते प्रकार मुळातच तीन बाजूंनी बसलेल्या लोकांसमोर वाढले. शिवाय मराठी शाळेत बहुतेक ठिकाणी स्नेहसंमेलनाचा कट्टा असतोच. पायाला पहिले घुंगरू आणि चेहऱ्याला पहिला रंग कित्येकांना याच कट्ट्यावर लागला.

याचा अर्थ सरळ आहे. अशा वास्तूत पाचशे खुर्च्यांचे प्रेक्षागृह कोंबायला गेले की भिंती पाडाव्या लागतात, खर्च वाढतो आणि वारसा जातो. शिकण्या-शिकवण्याला प्राधान्य दिले तर फारसे काही पाडावे लागत नाही. छत, वायरिंग, जमीन आणि आवाज शोषणारे पडदे एवढ्यावर काम सुरू होते.

मग सांभाळायला विद्यापीठच का हवे?

स्थानिक स्वराज्य संस्थेकडे जागा असते, पण रोज येणारे विद्यार्थी नसतात. खासगी आयोजकाकडे कार्यक्रम असतात, पण भाडे परवडेल तोवरच. विद्यापीठाकडे दरवर्षी नवी तुकडी येते, हीच त्याची खरी ताकद. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून संगीत, नृत्य, नाट्य शिकवत आहे. आधुनिक विद्यापीठाच्या चौकटीत गुरुकुल पद्धतीला जागा देण्याचा प्रयोग त्याने केला. या केंद्रातून बाहेर पडलेले रंगकर्मी आज मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर ठिकठिकाणी दिसतात.

विद्यापीठाची जबाबदारी मात्र छत दुरुस्त करण्यावर संपत नाही. पुण्यात २ फेब्रुवारी २०२४ रोजी याच केंद्राच्या विद्यार्थ्यांचे नाटक प्रयोग सुरू असताना बंद पाडण्यात आले आणि पुढे विभागप्रमुखासह विद्यार्थ्यांना अटक झाली. नाटकातल्या मजकुराबद्दल मतभेद असू शकतात. पण विद्यार्थ्याचा प्रयोग हा शिकण्याचा टप्पा असतो. त्यात चुकण्याची मुभा नसेल तर तो वर्ग राहत नाही. प्रयोग आवडला नाही तर शेवटी उभे राहून विचारता येते, लिहिता येते, दुसरे नाटक करता येते. जी संस्था आपल्या रंगमंचावर ही मुभा राखू शकत नाही, तिला कितीही देखणी वारसा वास्तू मिळाली तरी तिथे फार तर कार्यक्रम होतील, रंगभूमी घडणार नाही.

यातला धोका कोणता?

सर्वांत मोठा धोका म्हणजे कला केंद्राच्या निमित्ताने चालती शाळा बंद करणे. शिक्षणहक्काच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. पट कमी आहे, इमारत जुनी आहे, तिथे संस्कृतीचे काम करू, असा युक्तिवाद ऐकायला गोड असला तरी तो मुलांच्या हक्कावर पाय देऊन करता येणार नाही. ज्या इमारतीतून शाळा आधीच चांगल्या जागी गेली आहे, तिचाच असा विचार व्हावा.

दुसरा धोका भाड्याचा. देखभालीसाठी पैसे हवेत म्हणून लग्न, वाढदिवस, प्रदर्शन-विक्री सुरू होते आणि दोन हंगामांत रियाजाच्या खोल्या खुर्च्या-मांडवाच्या कोठारात बदलतात. तिसरा धोका दाराचा. विद्यापीठाचे आवार म्हणून गावकऱ्यांना फाटकावर अडवले, तर ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या ती शाळा सांभाळली, तेच गाव तिच्याकडे पाठ फिरवते.

मावळात काय करता येईल?

मावळाला कला शिकवण्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. देहू आणि भंडारा डोंगर हाकेच्या अंतरावर आहेत. गावोगावी भजनी मंडळे आहेत, टाळ-पखवाजाची साथ आहे, यात्रांचे फड माहीत असलेले प्रेक्षक आहेत. तळेगावात हौशी रंगकर्मींच्या संस्था वर्षानुवर्षे काम करत आहेत. उणीव आहे ती या सगळ्यांना रोज एकत्र आणणाऱ्या जागेची. पुण्यात विद्यापीठ आहे आणि शिरगाव-तळेगाव परिसर लोकल आणि महामार्गामुळे त्याच्या टप्प्यात आहे. एखादी मोकळी झालेली जुनी शाळा ललित कला विभागाच्या विस्तार केंद्राला दिली, तर ती खर्चिक कल्पना ठरू नये.

अटी मात्र आधीच लिहून ठेवाव्यात. जागेची मालकी ग्रामपंचायतीची किंवा शिक्षण संस्थेचीच राहावी आणि वापराचा करार दीर्घ मुदतीचा असावा. आठवड्याच्या बहुतेक दिवशी वर्ग भरले पाहिजेत, हे करारात असावे. कार्यक्रमांची संख्या हा यशाचा मापदंड नसावा. शिकवणाऱ्यांत पदवीधर प्राध्यापकाबरोबर गावचा पखवाजवादक आणि कीर्तनकारही मानधनावर असावा. परिसरातल्या शाळांतील मुलांसाठी रोज ठरावीक तास मोकळे असावेत. अग्निसुरक्षेची तपासणी पहिल्या प्रयोगाआधी व्हावी, उद्घाटनाच्या तारखेनंतर नव्हे. आणि दर महिन्याला एक प्रयोग विनामूल्य, फाटक उघडे ठेवून व्हावा.

सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, तेव्हा त्यांच्याकडे दरबार होता, पैसा होता, नावाजलेले कलावंत होते. भव्य प्रेक्षागृह बांधून त्यांना तिथे बसवणे सोपे होते. त्यांनी त्या कलावंतांना मुलांसमोर बसवले. दरबार गेला, संस्थान गेले, त्या मुलांमधून मात्र शिक्षक झाले आणि वर्ग आजही भरतो. मावळात किंवा आणखी कुठे जुन्या शाळेच्या दारावर कला केंद्राची पाटी लावण्याआधी आतल्या फळ्यावर उद्याचे वेळापत्रक लिहिलेले आहे का, एवढे पाहिले तरी पुरे.